सतराचं दूध बेचाळीसच्या खात्यावर

या महिन्याच्या पत्रांत पेरेंट आणि चाईल्ड कंपोनंटमधल्या, म्हणजे वेब पानाचा बाहेरचा तुकडा आणि त्याच्या आतला तुकडा यांच्यातल्या, देवाणघेवाणीचे प्रश्न इतके आले की बाकीचा गठ्ठा बाजूला ठेवला. सीएसएसवाल्यांनी, म्हणजे पानाच्या सजावटीवाल्यांनी, रुसू नये, पुढच्या अंकात त्यांचा नंबर. नेहमीप्रमाणे इथे कोड छापत नाही. फंक्शनची नावं देवनागरीत आहेत, मोठ्यानं वाचलीत की ओळखीची वाटतील.

प्रश्न: ताई, मी संगमनेर तालुक्यातला. बीसीएस करून सध्या गावातच आहे. आमच्या दूध संकलन केंद्रासाठी वेब पानं बांधायच्या साधनात, म्हणजे रिअ‍ॅक्टमध्ये एक अ‍ॅप केलंय. डावीकडे खातेदारांची यादी, उजवीकडे नोंद दुरुस्तीचा फॉर्म, दोन्ही एकाच पेरेंटमध्ये. खाते १७ वर क्लिक केलं की त्याची नोंद फॉर्ममध्ये येते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), सगळं बरोबर. मग ४२ वर क्लिक केलं तर वरचं नाव बदलतं, पण आकडे १७ चेच राहतात. परवा सकाळच्या गर्दीत लक्षात आलं नाही आणि एका गायवाल्याच्या खात्यावर म्हशीचं ६.८ फॅट सेव्ह झालं. मित्राच्या सांगण्यावरून यूजइफेक्ट, म्हणजे काही बदललं की आपोआप धावणारं फंक्शन, घातला. आता आकडे बदलतात, पण टाइप करता करता मध्येच पुसले जातात. प्रॉप, म्हणजे पेरेंटकडून चाईल्डला जाणारी माहिती, नीट जात नाहीये का?

उत्तर: कोडचं नंतर बघू. आधी केंद्रावर जा आणि अ‍ॅप सुरू झाल्यापासून जेवढ्या नोंदी दुरुस्त केल्यात तेवढ्या मशीनच्या पावत्यांशी ताडून पाहा. दहा दिवसांचं बिल निघायच्या आत हे उरका. ६.८ चा दर मिळालेला गायवाला काही पैसे परत द्यायला येणार नाही, आणि ज्याचं म्हशीचं दूध ३.८ नं लागलं असेल तो सचिवांच्या दारात उभा राहील. सचिव तुमच्या.

आता कोड. प्रॉप अगदी नीट जातोय. पुरावा तुमच्याच पत्रात आहे: वरचं नाव बदलतं. नाव तुम्ही थेट प्रॉपमधून दाखवताय. आकडे मात्र, पैज लावते, यूजस्टेटमध्ये, म्हणजे फॉर्मच्या स्वतःच्या आठवणीत (तिला स्टेट म्हणतात), भरून तिथून दाखवताय. यूजस्टेटच्या कंसात आपण जे देतो ते रिअ‍ॅक्ट फक्त पहिल्या रेंडरला, म्हणजे फॉर्म पहिल्यांदा मांडताना, विचारात घेतं. त्यानंतर प्रॉप शंभरदा बदलला तरी त्या कंसाकडे ढुंकून पाहत नाही. १७ वर क्लिक केलंत तेव्हा फॉर्म जन्माला आला. ४२ वर केलंत तेव्हा तोच फॉर्म त्याच जागी बसलेला होता. रिअ‍ॅक्टच्या लेखी फॉर्म जुनाच, मग आतली स्टेटही जुनीच.

माझ्या आजीच्या ट्रंकेत एक सातबारा उतारा होता, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. त्यावर आजोबांचं नाव. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली, नावं बदलली, एक तुकडा विकलाही गेला, पण ट्रंकेतला कागद तसाच. माझे एक चुलते तो घेऊन पीककर्जाला गेले आणि हात हलवत परत आले. कागद खोटा नव्हता. ज्या दिवशी काढला त्या दिवशी खराच होता. तुमच्या फॉर्ममधली स्टेट म्हणजे हा ट्रंकेतला उतारा. मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरात, म्हणजे पेरेंटमध्ये. प्रॉप म्हणजे दर रेंडरला हातात पडणारा ताजा उतारा. तो वाचायचा, दाखवायचा. त्यावर पेनानं खाडाखोड करून जमीन कुणाच्या नावावर होत नसते. बदल हवा असेल तर फेरफाराचा अर्ज करायचा, म्हणजे पेरेंटनं खाली पाठवलेलं कॉलबॅक फंक्शन बोलवायचं. नोंद घालायची की नाही हे पेरेंट ठरवणार. फॅट ६८ असा आला, दशांशचिन्ह राहून गेलं, तर त्यानं अर्ज फेटाळायलाच हवा.

मित्राचा यूजइफेक्ट म्हणजे ताजा उतारा आला रे आला की ट्रंकेतला फेकायचा आणि हा ठेवायचा. ऐकायला बरं वाटतं. पण तुमचा पेरेंट दर काही सेकंदांनी सर्व्हरकडून यादी मागवत असणार. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण टाइप करताना पुसलं जातंय म्हणजे बहुधा तेच. यादी नवी आली की प्रत्येक नोंदीचा ऑब्जेक्टही, म्हणजे माहितीचं गाठोडंही, नवं. आतले आकडे जसेच्या तसे असले तरी यूजइफेक्ट आत डोकावत नाही, ही तीच वस्तू आहे का एवढंच बघतो. त्याला वाटतं काहीतरी बदललं, आणि तो तुमचे अर्धवट टाइप केलेले आकडे पुसून पुन्हा सर्व्हरचे मांडतो. शिवाय इफेक्ट धावतो रेंडर झाल्यानंतर. म्हणजे क्षणभर का होईना, ४२ च्या नावाखाली १७ चे आकडे लागतातच.

यूजइफेक्ट काढून टाका. पेरेंटमध्ये जिथे फॉर्म लिहिलाय तिथे त्याला 'की', म्हणजे ओळखीची खूण, द्या. लोक की फक्त यादीतल्या ओळींना देतात, तीही ब्राउझरमधला चुका दाखवणारा कन्सोल ओरडतो म्हणून. पण एकट्या कंपोनंटलाही की देता येते, आणि ती बदलली की रिअ‍ॅक्ट जुना फॉर्म मोडून नवा मांडतं. यूजस्टेटचा कंस पुन्हा वाचला जातो. की बदलत नाही तोवर सर्व्हरकडून कितीही याद्या येवोत, टाइप केलेलं सुखरूप राहतं. फक्त एक सांभाळा. तुमच्याकडे सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन पाळ्या असणार. नुसता खाते क्रमांक की म्हणून दिलात तर १७ च्या सकाळवरून १७ च्या संध्याकाळवर जाताना पुन्हा हाच गोंधळ, आणि तो शोधणं जास्त अवघड, कारण नाव तर बरोबरच दिसत असेल. तारीख, पाळी आणि खाते, तिन्ही जोडून की करा.

हे झालं सेव्ह दाबेपर्यंत आकडे फॉर्मपुरते असतील तर. उद्या सचिव म्हणाले की टाइप करतानाच खाली पाळीचे एकूण लिटर दिसले पाहिजेत, तर मग फॉर्मची स्वतःची स्टेटच नको. आकडे पेरेंटमध्ये ठेवा. फॉर्म प्रॉपमधून दाखवेल आणि प्रत्येक अक्षराला कॉलबॅकनं कळवेल. प्रत्येक अक्षराला पेरेंट रेंडर होईल, होऊ द्या. दीडशे खातेदारांच्या यादीला त्यानं धाप लागत नाही.

पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय, 'सेट केल्यावर लगेच कन्सोलला जुनाच आकडा का?' फेरफाराचा अर्ज देऊन त्याच खिडकीवर लगेच उतारा मागितला तर जुनंच नाव येणार. सेट करणं म्हणजे पुढच्या रेंडरसाठी केलेली मागणी. चालू रेंडरमधला आकडा त्या रेंडरपुरता पक्का असतो.

आणि फार लाजू नका. २०१४ साली फेसबुकच्या लोकांनी आपल्या एफ-८ परिषदेत स्वतःचीच फजिती सांगितली होती. मेसेजच्या चिन्हावर १ दिसायचा, उघडावं तर नवीन काहीच नाही. दुरुस्त करायचे, काही दिवसांनी तो १ पुन्हा हजर. न वाचलेल्या मेसेजचा हिशेब वेगवेगळे भाग आपापल्या परीनं बदलत होते. त्या परिषदेत त्यांनी यावर फ्लक्स नावाची एकेरी वाहतुकीची पद्धत मांडली. तुमचं निदान दूध तरी आहे, त्यांचा नुसता आकडा होता.

प्रश्न: मी रत्नागिरीहून लिहितेय. घरच्या हापूसच्या ऑर्डरींसाठी व्ह्यू ३ या तसल्याच दुसऱ्या साधनात एक पान केलंय. पेरेंटमध्ये ऑर्डरींची यादी, ऑर्डर उघडली की चाईल्ड फॉर्म. पेट्यांची संख्या हा वेगळा प्रॉप दिला आणि तो चाईल्डमध्ये बदलला तर कन्सोलमध्ये वॉर्निंग येते. पण पूर्ण ऑर्डर ऑब्जेक्ट म्हणून दिली आणि तिच्यातल्या पेट्या बदलल्या तर मुकाट चालतं. मग ऑब्जेक्टच द्यावा ना? इव्हेंट, म्हणजे 'बदल झाला' असा पेरेंटला निरोप, पाठवायची कटकट कशाला?

उत्तर: तुमच्या फॉर्मला 'रद्द करा' बटण आहे का? नसेल तर आजच घाला आणि असं करून पाहा. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, दोनच्या पाच पेट्या करा. तुम्ही पाच टाइप करता. तेवढ्यात पलीकडून त्यांची बायको ओरडते, 'अहो, पाच पेट्या कोण खाणार?' ते म्हणतात राहू द्या. तुम्ही रद्द दाबता, फॉर्म बंद होतो. आता यादीत बघा. पाच.

ऑब्जेक्ट पाठवताना जावास्क्रिप्ट त्याची प्रत काढत नाही, त्याचा पत्ता देते. चाईल्ड त्या पत्त्यावर जाऊन थेट पेरेंटच्या घरातलं सामान हलवतो. व्ह्यू पहारा देतं ते फक्त बाहेरच्या दारावर: प्रॉपच्या जागी दुसराच ऑब्जेक्ट ठेवायला गेलात तर वॉर्निंग मिळेल, आतल्या खोल्यांत काय चाललंय त्याची ते विचारपूस करत नाही. म्हणून मुकाट चालतं. अशा मुकाटपणाची मला दहाहून जास्त वर्षांपासून धास्ती आहे.

२०१४ च्या सुमारास मी पुण्यात एका कंपनीत अँग्युलरजेएस या अशाच एका साधनावर काम करत होते. त्यात चाईल्डच्या स्कोपमध्ये नुसतं बरोबरीचं चिन्ह लिहिलं की दुहेरी जोडणी व्हायची. वरचा बदल खाली, खालचा वर, आपोआप. आम्ही हरखून गेलो होतो. कर्जाच्या हप्त्याचं एक पान होतं. मुदत बदलली की एक तुकडा हप्ता काढायचा, हप्ता बदलला की दुसरा तुकडा मुदत काढायचा. दोघांचं राउंडिंग जुळेना. हा त्याला बदलतोय, तो ह्याला बदलतोय. दहा फेऱ्या झाल्या की अँग्युलर हात टेकायचं आणि कन्सोलमध्ये दहा डायजेस्ट, म्हणजे बदल तपासण्याच्या, फेऱ्या झाल्याचा लाल निरोप टाकून थांबायचं. आकडा कोण बदलतोय हे शोधायला आम्हाला दोन दिवस लागले, कारण विचारायचं कुणाला? बदलण्याचा हक्क सगळ्यांनाच होता. पुढे २०१६ मध्ये अँग्युलर नव्यानं लिहिलं गेलं तेव्हा खाली येण्याचं दार इनपुट आणि वर जाण्याचं दार आउटपुट असं वेगळं झालं, ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

व्ह्यूचाही असाच इतिहास आहे. पहिल्या आवृत्तीत डॉट-सिंक लिहून चाईल्डला प्रॉप बदलता यायचा. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते काढलं. लोकांनी कुरकुर केली, म्हणून २.३ मध्ये त्याच नावानं परत आणलं, पण आतून तो इव्हेंटच केला. तिसऱ्या आवृत्तीत तेही व्ही-मॉडेलमध्ये, म्हणजे फॉर्मचा चौकोन आणि माहिती जोडायच्या सोयीत, मिसळून गेलं, आणि ३.४ पासून डिफाइनमॉडेल पक्कं झालं. नुसती पेट्यांची संख्या असेल तर तेच वापरा. चाईल्डमध्ये बदलताना स्वतःचंच काहीतरी बदलल्यासारखं वाटतं, आत मात्र इव्हेंट जातो आणि पेरेंट बदलतो. तुमची कटकट तेवढी कमी.

पूर्ण ऑर्डरचा फॉर्म असेल तर तो उघडताना ऑर्डरची प्रत काढा, बदल प्रतीत करा, 'जतन करा' दाबल्यावर पूर्ण प्रत इव्हेंटनं वर पाठवा. रद्द दाबलं तर प्रत टाकून द्या.

आता कुणीतरी म्हणेल, वरच्या उत्तरात ताईंनी प्रतीला नावं ठेवली आणि इथे प्रतच काढायला सांगताहेत. संगमनेरच्या मुलाची अडचण ही होती की त्याची प्रत स्वतःला मूळ नोंद समजत होती. कुठल्या खात्याची, कुठल्या पाळीची, याचा तिच्यावर शिक्का नव्हता. कीमुळे तो बसला. तुमची प्रत ही कच्ची पावती आहे. ती कधी काढली आणि कधी फाडायची हे ठरलेलं आहे, आणि पक्की पावती पेरेंटकडेच आहे.

प्रत काढताना एक ठेच हमखास लागते. तीन टिंबांच्या स्प्रेडनं फक्त वरच्या थराची प्रत निघते. ऑर्डरमध्ये पत्ता हा आणखी एक ऑब्जेक्ट असेल आणि त्यात पिनकोड, तर फॉर्ममध्ये पिनकोड बदलला की पेरेंटमधला बदललाच. आतपर्यंत प्रत हवी तर ब्राउझरचं स्ट्रक्चर्डक्लोन आहे, पण व्ह्यूचा रिअ‍ॅक्टिव्ह ऑब्जेक्ट हा मुळात प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी उभा असलेला मुखत्यार, तो थेट दिलात तर एरर येईल. आधी व्ह्यूच्या टूरॉ फंक्शननं आतला खरा ऑब्जेक्ट काढून मग तो द्या.

पेट्या सुटल्या की कळवा. पत्ता संपादकांकडे आहे.

प्रश्न: नाशिक जिल्ह्यातून लिहितोय. चाईल्डकडून पेरेंटला कळवताना नेमकं काय पाठवावं? मी इनपुटचा पूर्ण इव्हेंट पाठवतो. मित्र म्हणतो फक्त व्हॅल्यू पाठव. फरक काय पडतो?

उत्तर: मित्राचं ऐका. इव्हेंट पाठवलात तर पेरेंटला हे माहीत असावं लागतं की आत एक इनपुटचा चौकोन आहे आणि त्यातून व्हॅल्यू कशी उपसायची. उद्या चौकोनाच्या जागी ड्रॉपडाऊन आला की पेरेंटमध्येही हात घालावा लागेल. पेरेंटला 'भाव बदलला, हा घ्या' एवढं पुरे.

पण नुसती व्हॅल्यू म्हटल्यानं भागत नाही, हे मी कांद्याच्या एका आडत्याच्या पावतीवर शिकले. भावाच्या रकान्याचा चाईल्ड मी हौसेनं केला होता. टाइप केलेल्या आकड्यात आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम पडायचे. सुंदर दिसायचं. आणि तो सजवलेला मजकूरच मी वर पाठवत होते. पेरेंटमध्ये पार्सइंट, म्हणजे मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन. पार्सइंट डावीकडून वाचत जातो आणि अंक नसलेलं काही दिसलं की थांबतो. १,२५० या भावात त्याला स्वल्पविराम दिसला, त्यानं तिथेच वाचन संपवलं आणि १ परत दिला. एक रुपया क्विंटल. चाचणीच्या वेळी मी सगळीकडे ५०० टाकून पाहिलं होतं, त्यामुळे सगळं झकास. भाव हजारावर गेला त्या दिवशी मला फोन आला. फोनवरचे शब्द छापण्यासारखे नाहीत.

मी स्वल्पविराम काढले. मग मालकांची इच्छा म्हणून आकडे मराठीत दाखवले. ब्राउझरला मराठी लोकेल, म्हणजे भाषा-प्रांताची खूण, दिलं की तो आपण होऊन देवनागरी अंक देतो, हे चांगलंच आहे. पण मी पुन्हा तोच मजकूर वर पाठवला. जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी १२५० कळत नाही, ते नॅन, म्हणजे 'हा नंबर नाही', असं देतं. छापील पावतीवर आलं, 'भाव: नॅन रुपये'. आडत्यानं गंभीरपणे विचारलं, 'ताई, हा नॅन कोण?'

तेव्हापासून माझ्या घरचा नियम असा: सजावट दाखवण्यापुरती, वर जाणार तो साधा नंबर. नंबर म्हणजे खरा नंबर. इनपुटला टाइप नंबर दिला तरी त्याची व्हॅल्यू हातात येते ती मजकूर म्हणूनच, आणि १२.५ मध्ये ८ मिळवले तर २०.५ ऐवजी १२.५८ येतात. हे १२.५८ फार घातकी, कारण खऱ्या आकड्यासारखं दिसतं, कुणाला संशय येत नाही. म्हणून मजकुराचा नंबर चाईल्डमध्येच, पाठवण्याआधी करा. आणि रिकामा चौकोन वेगळा हाताळा. रिकाम्या मजकुराला नंबर फंक्शन शून्य म्हणतं. भाव अजून टाकलेला नाही आणि भाव शून्य आहे यात शेतकऱ्याच्या दृष्टीनं किती अंतर आहे ते तुम्ही नाशिककर मला सांगाल. रिकामं असेल तर नल, म्हणजे 'काहीच नाही', पाठवा.

प्रश्न: पुण्यात माझी पहिलीच नोकरी. लॉगिन केलेल्या माणसाचं नाव पाच कंपोनंटमधून खाली न्यावं लागतं, मधल्या तिघांना त्याचं काही काम नाही. सीनियर म्हणतात रिडक्स (सगळी माहिती एकाच ठिकाणी ठेवणारी लायब्ररी) लाव. लावू?

उत्तर: सीनियरांशी पहिल्या वर्षी भांडू नका. पण त्यांना चहाच्या वेळी विचारा, की हे नाव दिवसातून किती वेळा बदलतं? लॉगिनला एकदा, लॉगआउटला एकदा. अशा गोष्टीला रिअ‍ॅक्टचं कॉन्टेक्स्ट, म्हणजे मधल्यांना वगळून माहिती थेट खाली पोचवायची सोय, पुरतं, २०१८ च्या १६.३ आवृत्तीपासून ते नीट वापरण्याजोगं आहे. वारंवार बदलणारा माल मात्र त्यात भरू नका. कॉन्टेक्स्टची व्हॅल्यू बदलली की तिच्याकडे कान लावून बसलेले सगळेच पुन्हा रेंडर होतात.

त्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. मधल्या तिघांना नाव देण्याऐवजी नावाची तयार पट्टीच वर, जिथे नाव माहीत आहे तिथे, लिहा आणि चिल्ड्रन, म्हणजे पोटात ठेवायचा तयार माल, म्हणून आत सरकवा. मधले तिघे ती पट्टी न उघडता पुढे देतील, पोस्टमन पाकीट देतो तशी. पाचातले दोन-तीन टप्पे तिथेच गळतात. आणि उरलेल्या दोन पातळ्या प्रॉप हातानं न्यावा लागला तर न्या. त्याला प्रॉप ड्रिलिंग असं भारदस्त नाव पडल्यापासून लोक उगाच घाबरतात. फाइल उघडली की माल कुठून येतोय ते डोळ्यांना दिसतं, हे सुख कॉन्टेक्स्टमध्ये नाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ६४, ठाणे. नातवाकडून रिअ‍ॅक्ट शिकतो आहे. पेरेंट आणि चाईल्ड यांना मराठीत 'पालक' आणि 'पाल्य' म्हणावे असे सुचवतो. आपले मत कळवावे.

उत्तर: सर, पाल्य वाचून मला एकदम प्रगतिपुस्तक आठवलं. पाल्यानं ते वर न्यायचं, पालकानं सही करायची, आणि पाल्यानं स्वतः सही केली तर काय होतं ते तुम्ही हातात पट्टी घेऊन पाहिलेलं असणार. शब्द उत्तम आहे. पुढच्या अंकापासून मी अधूनमधून वापरून बघते, संपादकांनी कात्री लावली नाही तर.

अडचण एकच, आणि ती इंग्रजी शब्दातही आहे. एखाद्या पानावर मी कार्ड लिहिलं आणि कार्डच्या पोटात बटण लिहिलं, तर पडद्यावर बटण राहतं कार्डात. कंपोनंटच्या झाडाच्या, म्हणजे कोण कुणाच्या पोटात या, हिशेबानं कार्ड त्याचा पालक. पण बटणाला प्रॉप कोण देतं? ज्या पानानं ते लिहिलं ते पान. कार्ड त्याला फक्त जागा देतं. वसतिगृहात राहणाऱ्या पोरासारखं आहे हे: झोपतं रेक्टरच्या छताखाली, मनीऑर्डर मात्र घरून येते. म्हणून 'माझ्या चाईल्डला प्रॉप मिळत नाही' असं पत्र आलं की मी आधी पाहते, मनीऑर्डर घरी मागितली आहे की रेक्टरकडे.

आज संध्याकाळी नातवाला विचारा, कार्डाच्या पोटातल्या बटणाला रंग कोण देतं. 'कार्ड' म्हणाला तर बाकावर उभं करा.